नमुना पिण्यायोग्य, पण विहिरीचे काय?

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की मराठवाड्यात पेरण्यांची घाई सुरू होते आणि त्याच आठवड्यात कुठल्या ना कुठल्या गावात गॅस्ट्रोची साथ येते. मग वाद पेटतो. ग्रामपंचायत म्हणते, पाण्याचा नमुना 'पिण्यायोग्य' आला होता, रिपोर्ट दप्तरात आहे. गावातली तरुण मंडळी म्हणतात, जमिनीतले पाणी नासले, आता आरओचा प्लँट बसवा. कुणी युरियाला दोष देतो, कुणी शौचालयांच्या खड्ड्यांना, कुणी पलीकडच्या साखर कारखान्याच्या सांडपाण्याला. आठ-पंधरा दिवस टीसीएलचा, म्हणजे पाण्यातले जंतू मारणाऱ्या क्लोरीनच्या पावडरीचा, वास गावभर राहतो, साथ ओसरते आणि वादही ओसरतो. पुढच्या मृगापर्यंत कुणाला त्याची आठवण राहत नाही.

या वादातले दोन्ही पक्ष एकाच अपुऱ्या प्रश्नाला धरून बसले आहेत, असे माझे ठाम मत आहे. 'पाणी चांगले की वाईट?' या प्रश्नाचे उत्तर म्हणजे बाटलीत भरलेल्या पाण्याची त्या एका दिवसाची अवस्था. गावाला कळायला हवे ते निराळेच आहे. ही विहीर, हा हापसा, हा बोअर किती सहज नासू शकतो? जमिनीवर सांडलेली घाण इथल्या पाण्यापर्यंत कोणत्या वाटेने आणि किती वेळात पोहोचते? याला भूजलाची प्रदूषणप्रवणता म्हणतात. जाँ मार्गा या फ्रेंच भूजलतज्ज्ञाने १९६८ मध्ये ही कल्पना मांडली, म्हणजे ती नवीही नाही. पिण्याच्या प्रत्येक स्रोताची प्रदूषणप्रवणता लेखी ठरवली पाहिजे, आणि शोषखड्डा, उकिरडा, शौचालय, बोअरचे पुनर्भरण यांची जागा त्यानंतरच ठरली पाहिजे. आपल्याकडे जागा आधी ठरते, खड्डा आधी होतो आणि नमुना शेवटी जातो.

नमुन्याला मी कमी लेखत नाही. पण जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जिवाणूंची तपासणी दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, व्हायची असते. आपल्या खडकात घाण शिरते ती पहिल्या दोन-चार मोठ्या पावसांत, काही तासांत किंवा काही दिवसांत. मे महिन्यातला नमुना त्याआधीचा आणि ऑक्टोबरातला त्यानंतरचा. दोन्ही निर्दोष आले आणि मधल्या जुलैत गावातली मुले सलाईनवर गेली, तर प्रयोगशाळा खोटी ठरत नाही. तिला जे विचारले तेवढेच तिने सांगितले.

आता पायाखालच्या जमिनीकडे पाहू. नांदेडच्या पूर्वेकडचा ग्रॅनाइटचा पट्टा सोडला तर मराठवाडा जवळजवळ सगळा काळ्या पाषाणावर, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हावर वसला आहे. उन्हाळ्यात कोणत्याही उघड्या विहिरीच्या काठावर उभे राहून आत पाहावे. वर हातभर ते पुरुषभर काळी माती, खाली पिवळसर मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या खडक, त्याखाली पक्का पाषाण, आणि दोन लाव्हांच्या मध्ये कुठे तरी तांबड्या मातीचा पट्टा. पाझर बघा कुठून येतो. तो सगळ्या भिंतीतून येत नाही. एका चिरेतून, एका सांध्यातून, बहुधा थर बदलतो तिथून धार लागलेली असते. गंगेच्या खोऱ्यात पाणी वाळूच्या कणाकणांतून झिरपते आणि वाटेत बऱ्यापैकी गाळले जाते. पाषाणाच्या चिरेत गाळणारे काहीच नाही. तिच्या वरच्या तोंडाशी उकिरडा असेल तर खालच्या तोंडाशी त्याचेच पाणी येणार.

हे सारे मोजायच्या पद्धती उपलब्ध आहेत. सर्वांत परिचित 'ड्रॅस्टिक' ही अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. पाण्याची खोली, पुनर्भरण, जलधारक खडक, माती, उतार, माती आणि पाण्याची पातळी यांमधला कोरडा थर, आणि खडकातून पाणी वाहण्याचा वेग अशा सात गोष्टींना गुण द्यायचे, प्रत्येकाचे वजन वेगळे, आणि बेरीज करायची. पाण्याच्या खोलीला आणि मधल्या थराला सर्वाधिक, म्हणजे पाच वजन आहे. काय मुरते नि किती, हे मुख्यतः तिथेच ठरते.

या पद्धतीवरचे आक्षेप खरे आहेत. वजने तज्ज्ञांच्या एकमताने ठरली, प्रयोगातून निघाली नाहीत. ती शंभर एकरांहून मोठ्या क्षेत्रासाठी आहे. एका विहिरीसाठी बनवलेलीच नाही. आपल्या दृष्टीने सर्वांत मोठी अडचण अशी की तिच्या तक्त्यात बेसाल्टला, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाला, दोनपासून दहापर्यंत कितीही गुण देता येतात. घट्ट पाषाणाला दोन, फुटलेल्या-चिरलेल्याला दहा. म्हणजे अवघ्या मराठवाड्याचे उत्तर त्या दोन आणि दहाच्या मधल्या अंतरात आहे. कार्यालयात बसून एखाद्याने सरसकट नऊ धरले तर जिल्ह्याचा नकाशा एकरंगी लाल होतो; चार धरले की तोच जिल्हा हिरवागार. असे नकाशे निघतात, त्यांवर प्रबंध होतात, आणि गावाला त्यांचा काडीचा उपयोग होत नाही. म्हणून मूल्यमापनच निरर्थक, असे काही जाणकार म्हणतात. इथे मात्र मी त्यांच्यासोबत नाही. जिल्ह्याचा नकाशा चुकतो तो खडक गावागावाला, वावरावावराला बदलतो म्हणून. मग मोजमाप गावात आणि विहिरीपाशीच करायला हवे, इतकाच त्याचा अर्थ.

त्याच तक्त्यात आपल्यासाठी अगदी उपयोगी गोष्टीही आहेत. न फुगणाऱ्या चिकणमातीला त्यात एकच गुण आहे, ती पाणी अडवते म्हणून. फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या मातीला मात्र सात. आपली काळी कपाशीची जमीन ही दुसऱ्या प्रकारची. मे महिन्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिला पाऊस मातीतून मुरत नाही, भेगांतून थेट खाली जातो. भेगा मिटल्यावर हीच जमीन पाणी अडवून धरते. 'आमची जमीन काळी, भारी, खाली काही जात नाही' असे शेतकरी सांगतात ते ऑगस्टात बरोबर आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात नाही. खोलीचे तसेच. मे महिन्यात ४५ फुटांवर पाणी असलेल्या विहिरीला खोलीचे पाच गुण, वजन पाच, म्हणजे २५. सप्टेंबरात तेच पाणी आठ फुटांवर आले की नऊ गुण, म्हणजे ४५. विहीर तीच, पण खोलीपुरता धोका चार महिन्यांत जवळजवळ दुप्पट. दुष्काळानंतर भरपूर पाऊस झाला की आपण विहीर भरल्याचा आनंद करतो, आणि तो रास्तही आहे. पण त्याच वेळी घाण आणि पाणी यांच्यातले अंतर संपलेले असते.

पाण्याच्या तपासणीपेक्षा स्रोताच्या घडणीकडे पाहून रोग हटवल्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नारू आठवावा. पायातून सुतासारखी लांब अळी निघायची, माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळायचा. त्यावर ना लस होती, ना औषध. ज्या विहिरीत पायऱ्या उतरून माणसे पाण्यात पाय घालतात तिथेच नारू फैलावतो, हे कळल्यावर काम त्या दिशेने झाले. पायविहिरी हुडकल्या, पायऱ्या बंद केल्या, कठडे बांधून पाणी शेंदायची सोय केली, हापसे दिले, लोकांना पाणी गाळून प्यायला शिकवले. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला. त्या मोहिमेने प्रत्येक पाणवठ्याची नोंद केली आणि 'हा धोक्याचा, हा नाही' अशी त्याची वर्गवारी केली. जे तेव्हा जमले ते आज का जमू नये?

दुसरे उदाहरण परदेशातले आणि कटू आहे. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या वॉकर्टन या सुमारे पाच हजार वस्तीच्या गावात मे २००० मध्ये मोठ्या पावसानंतर नळाच्या पाण्यातून ई-कोलाय हा आतड्याचा आजार करणारा जंतू पसरला. सात जण दगावले, दोन हजारांहून अधिक आजारी पडले. चौकशीत दिसले की ती विहीर उथळ होती, भेगाळलेल्या खडकात होती, आणि शेजारच्या शेतात शेणखत टाकलेले होते. शेतकऱ्याने खत रीतसर टाकले होते, त्याचा दोष नव्हता. क्लोरीन देणाऱ्या कर्मचाऱ्यांनी हयगय केली आणि खोट्या नोंदी ठेवल्या, हेही चौकशीत उघड झाले, ते दडवण्याचे कारण नाही. पण विहीर १९७८ मध्ये घेतली तेव्हाच ती सहज दूषित होईल, भोवतालच्या जमिनीवर नियंत्रण ठेवा, असा सल्ला तज्ज्ञाने दिला होता. सल्ला तसाच पडून राहिला. बावीस वर्षे क्लोरीन हा एकच अडसर होता. तो निघाला आणि माणसे मेली. आपल्या किती गावांत टीसीएलखेरीज दुसरा अडसर आहे?

टीसीएल आणि आरओ आहेत ना, हा युक्तिवाद म्हणूनच मला पुरेसा वाटत नाही. टीसीएलने जंतू मरतात आणि जलसुरक्षकाने ती रोज नियमाने टाकलीच पाहिजे. पण हापशात टीसीएल रोज कोण टाकणार? आणि खतातून, मलमूत्रातून पाण्यात विरघळणाऱ्या नायट्रेट या क्षारावर तिचा काहीच परिणाम होत नाही. पाणी उकळले तर त्यातले नायट्रेट उलट दाट होते. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना त्याचा सर्वाधिक धोका. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात देशभरातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत ही मर्यादा ओलांडलेली दिसली, आणि जास्त नायट्रेटच्या जिल्ह्यांत बीड आणि नांदेडची नावे आहेत. लगेच सगळे बोट युरियाकडे वळते. युरियाचा वाटा मोठा आहे, यात शंका नाही. पण गावठाणातल्या आडांचे काय? गावाची पांढरी म्हणजे शेकडो वर्षांची राख, शेण, मूत, सांडपाणी मुरलेली माती. भारतात अशाच जुन्या वस्त्यांच्या मातीतून सोरा काढला जात असे, आणि सोरा म्हणजे नायट्रेटच. त्या मातीतून मुरून आलेले पाणी आडात उतरते. तिथे युरियाचे एक पोते कमी करून फरक पडणार नाही. दोष कुणाचा हे ठरवायलासुद्धा पाणी कोणत्या वाटेने येते हे आधी माहीत असावे लागते. आरओ नायट्रेट काढतो, मान्य. पण बाहेर टाकलेले दाट पाणी पुन्हा नालीत आणि जमिनीत जाते. आणि जार विकत घेणे ज्यांना परवडत नाही, ते हापशावरच राहतात.

सर्वांत नाजूक मुद्दा शोषखड्ड्यांचा. नांदेड जिल्ह्याने सांडपाण्याच्या शोषखड्ड्यांची मोहीम मोठ्या प्रमाणावर राबवली. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीचे नाव त्यामुळे दूरवर गेले. उघड्या नाल्या गेल्या, डास गेले. हे काम मोलाचे आहे आणि मी ते मनापासून मानतो. शौचालयांचेही तसेच. उघड्यावर शौचाला जाणे थांबले नसते तर पहिल्या पावसात सगळे शिवार विहिरीत उतरले असते. तेव्हा या लेखाचा आधार घेऊन कुणी 'शौचालयेच नकोत' म्हणू नये. प्रश्न खड्ड्याच्या जागेचा आहे. पिण्याच्या स्रोतापासून पंधरा मीटर हा सर्वसाधारण नियम मातीच्या आणि मुरमाच्या जमिनीत चांगला चालतो, कारण घाण हळूहळू मुरते आणि जंतू वाटेत मरतात. जर्मनीत विहिरीभोवतीची संरक्षणरेषा नुसत्या मीटरांवर आखत नाहीत. पाण्याला विहिरीपर्यंत यायला ५० दिवस लागतील एवढे अंतर त्यासाठी धरतात. आपल्याकडे खड्डा खणताना दीड-दोन फुटांवर पहार खणकन वाजली, म्हणजे पाषाण लागला, की तिथे पंधरा मीटरला काय अर्थ उरतो? त्या पाषाणाला चीर असेल तर पन्नास दिवस सोडा, पाणी दुसऱ्या दिवशी विहिरीत दिसेल. अशा ठिकाणी खड्डा उताराच्या खालच्या बाजूला हलवावा, किंवा तळ बंद टाकी करून उपसावी. पण हे ठरवायला खाली काय आहे याची नोंद पाहिजे, आणि अनुदानाचा अर्ज भरताना तो प्रश्न कुणी विचारतच नाही.

बोअरबद्दल एक गैरसमज खोल रुजला आहे: पाणी पाचशे-हजार फुटांवरचे, मग ते शुद्धच. पण आपल्या बोअरला केसिंग, म्हणजे भोकाच्या वरच्या भागात बसवलेला पाइप, किती फूट असते? पक्का पाषाण लागेपर्यंत, म्हणजे बहुधा वीस-चाळीस फूट. पुढचे भोक उघडे. केसिंग आणि भोक यांच्यातली फट मुरमाने बुजवतात, सिमेंटने क्वचितच. एखाद्या जुन्या हापशापाशी उभे राहून पाहा. ओट्याला तडा गेलेला, कडेला डबके, त्यात म्हशीचे खूर, आणि भांडी घासलेले राखेचे पाणी हापशाच्या बुडाशी गोल साचलेले. ते पाणी कुठे जाते? पाइपाच्या कडेने खाली, आणि थोड्या वेळाने त्याच हापशातून वर. आता त्यात पुनर्भरणाची भर पडली आहे. छतावरचे पाणी गाळणीतून बोअरमध्ये सोडणे वेगळे आणि नाल्याचे गढूळ पाणी सरळ आत घेणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात माती आणि मुरूम हे जे काही गाळण निसर्गाने ठेवले आहे, तेच आपण ओलांडून जातो. नाला खोलीकरणात मुरूम काढून पाषाण उघडा पाडला तरी तेच होते.

यावर सर्वांत वजनदार उत्तर दुष्काळाचे येते. जिथे २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, जिथे हजार फुटांवरही नुसता फुफाटा निघतो, तिथे शुद्धतेची चर्चा ही चैन आहे, असे कुणी म्हटले तर मला त्याचा राग येत नाही. रिकाम्या घागरीपुढे नायट्रेटची गोष्ट कोण ऐकणार? तरीही हा युक्तिवाद उलटा आहे. टंचाईतच खासगी विहिरी अधिग्रहित होतात, टँकर त्यांतून भरतात, आणि एका विहिरीवर चार-पाच गावे अवलंबून असतात. एरवी एका वस्तीपुरता असलेला धोका तेव्हा पाच गावांचा होतो. पाणी तळाला गेल्याने घाण पातळ करायला पाणीच उरत नाही. कोणत्या विहिरी अधिग्रहित करायच्या नाहीत, हे एप्रिलच्या आधी माहीत असणे ही दुष्काळाचीच तयारी आहे. धरणाच्या पाण्याच्या नळयोजना येतील तेव्हा येतील आणि त्या याव्यातच. पण वीजबिल थकले, पाइप फुटला, धरण आटले की गाव परत विहिरीवरच येते.

आपल्या धोरणाने आजवर पाण्याचा विचार मापाने केला, हे मूळ दुखणे आहे. पाणलोटांची वर्गवारी पाहा: सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित, अतिशोषित. वर्षाला उपसता येण्याजोग्या भूजलाच्या ७० टक्क्यांच्या आत उपसा असला की 'सुरक्षित'. ते पाणी पिण्याला सुरक्षित आहे का, याच्याशी त्याचा काही संबंध नाही, पण ऐकणाऱ्याला तसे वाटते. १९९३च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत दुसरी विहीर खणायला बंदी घातली. कारण पाणी ओढले जाईल. उकिरड्यासाठी असे अंतर कुणी इतक्या गांभीर्याने धरले नाही. पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायला आपण शिकलो, हे चांगलेच झाले; त्यात धोक्याचा रकाना मात्र राहिला.

आणि तो रकाना नव्याने शोधायचीही गरज नाही. आरोग्य विभाग एप्रिल आणि ऑक्टोबरात प्रत्येक गावातल्या पाणीस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करतो आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. कल्पना अगदी योग्य आहे. ते कार्ड कठडा फुटला का, गळती आहे का, टीसीएल साठ्यात आहे का, जवळ घाण आहे का, हे पाहते. त्यात जमिनीखालचे काही प्रश्न जोडावेत: माती आणि मुरूम मिळून किती फूट, पाषाण कुठे लागला, पाझर कोणत्या बाजूने, मे आणि ऑक्टोबरातली पाण्याची पातळी किती, केसिंग किती आणि कडेला सिमेंट भरले आहे का, उताराच्या वरच्या अंगाला काय आहे. याची उत्तरे विहीर खणणाऱ्या माणसांना तोंडपाठ असतात. बोअरच्या गाडीवरच्या माणसाला धुळीचा रंग कितव्या फुटाला बदलला हे माहीत असते. गाडी गेली की ती माहिती तिच्याबरोबर जाते. २००९च्या भूजल कायद्यात बोअरयंत्रांच्या नोंदणीची तरतूद आहे. खडकाची नोंद ग्रामपंचायतीत दिल्याशिवाय बिल निघणार नाही, एवढी अट पुरे. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतेच. तिच्या भूवैज्ञानिकाने तालुक्यातल्या ग्रामसेवकांना दोन दिवस विहिरीच्या काठावर उभे करून थर ओळखायला शिकवावे. भूगर्भातल्या फ्लोराइडचे, किनवटसारख्या भागातले दुखणे या मोजणीत येणार नाही. त्यासाठी रासायनिक तपासणीच हवी आणि ती चालूच राहावी.

पैशाची सबब पटण्यासारखी नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून ठेवला होता. उकिरडा हलवायला, ओटा नव्याने करायला, केसिंगभोवती सिमेंट भरायला याहून जास्त लागत नाही. अडचण आहे ती दुसरीकडे. लाल शेरा कुणालाच नको असतो. सरपंचाला निवडणूक दिसते, विहीर मालकाला अधिग्रहणाचे भाडे दिसते, आरोग्य सेवकाला वरून येणारा खुलासा दिसतो. म्हणून हे वर्गीकरण गावाचे नको, स्रोताचे हवे. हिरव्या गावातली एक विहीर लाल असू शकते आणि लाल ठरलेल्या गावातला एक बोअर निर्धोक. शेरा त्या स्रोताच्या कठड्यावर रंगवलेला असावा, म्हणजे पाणी भरणाऱ्या बाईला तो दप्तर न उघडता दिसेल. लाल शेऱ्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला नवा खड्डा, गोठा किंवा पुनर्भरणाचा बोअर मंजूर करताना ग्रामसभेला त्याचे कारण ठरावात लिहावे लागेल, असा नियम येत्या ऑक्टोबरच्या सर्वेक्षणापासून जिल्हा परिषदा करू शकतात.